वध की खून? ए-लेव्हल इतिहासाचं एक प्रकरण

सप्टेंबर २०२२ मध्ये माझ्या भाचीने इंग्लंडमधल्या रेडिंगच्या शाळेत सिक्स्थ फॉर्मला प्रवेश घेतला आणि तिसरा विषय म्हणून इतिहास निवडला. त्यावरून घरात झालेली वादावादी मी पुण्यात बसून व्हिडिओ कॉलवर ऐकली. मी तीस वर्षं ज्युनियर कॉलेजात अकरावी-बारावीला इतिहास शिकवला, म्हणून मला पंच नेमलं होतं. पुढची दोन वर्षं जे घडलं त्यात पंचाचीच शिकवणी झाली. इंग्लंडमधल्या मराठी पालकांना त्याचा उपयोग होईल, आणि इथल्या इतिहासाच्या शिक्षकांना थोडं टोचेल, म्हणून सगळं लिहून काढते आहे. भाचीची परवानगी घेतली आहे. नाव घालायचं नाही, ही तिची अट.

विषय निवडताना

इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षी जीसीएसई, म्हणजे आपल्या दहावीसारखी परीक्षा, झाली की पुढची दोन वर्षं, म्हणजे इयत्ता बारा आणि तेरा, सिक्स्थ फॉर्म. त्याच्या शेवटी ए-लेव्हलची परीक्षा. आपल्यासारख्या कला-वाणिज्य-विज्ञान अशा शाखा नाहीत. बहुतेक मुलं तीन विषय घेतात आणि त्या तिघांचं आपसात जमलंच पाहिजे असंही नाही. भाचीने गणित, अर्थशास्त्र आणि इतिहास अशी यादी केली. मेहुण्यांना तिसऱ्या जागी भौतिकशास्त्र हवं होतं. ते सॉफ्टवेअरमध्ये आहेत, माणूस समंजस आहे, पण "इतिहास घेऊन ही पुढे करणार काय, ताई?" हा प्रश्न त्यांनी मला तीनदा विचारला.

तिने शांतपणे विद्यापीठांची पानं उघडून दाखवली. अर्थशास्त्राच्या पदवीला गणित लागतं, भौतिकशास्त्र लागत नाही. कायद्याला तर ठरावीक असा कुठलाच विषय लागत नाही. रसेल ग्रुप या नामांकित गटातली विद्यापीठं २०१९ पर्यंत 'अनेक वाटा मोकळ्या ठेवणाऱ्या' विषयांची एक यादी देत असत. ती यादी आता नाही, पण तिच्यात गणित, विज्ञान यांच्या जोडीला इतिहासही होता. यादीचं नाव ऐकून मेहुणे जरा नरमले. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाले, "जाऊ दे, पाठांतर चांगलं आहे तिचं. मार्क तरी मिळतील."

आणि मी मान डोलावली. तीस वर्षं 'टिपा लिहा' आणि 'सकारण स्पष्ट करा' तपासलेल्या बाईने मान डोलावली, हे इथे नोंदवून ठेवते.

हेन्रीने घेतलेली पहिली परीक्षा

शाळेने एक्यूए या परीक्षा मंडळाचा अभ्यासक्रम घेतला होता. त्यात तीन भाग असतात. एक लांब पल्ल्याचा, साधारण शंभर वर्षांचा कालखंड. शाळेने १४८५ ते १६०३ चं, ट्यूडर राजघराण्याचं इंग्लंड घेतलं. दुसरा छोट्या काळाचा सखोल अभ्यास. इथे १९१८ ते १९४५ चा जर्मनी. दोन्हींची अडीच-अडीच तासांची लेखी परीक्षा, प्रत्येकी चाळीस टक्के. उरलेले वीस टक्के विद्यार्थ्याने स्वतः केलेल्या संशोधन-निबंधाला. ट्यूडर आणि नाझी ही तिथल्या शाळांची ठरलेली जोडगोळी. हेन्री आणि हिटलर यांच्याबाहेर मुलांना काही शिकवाल की नाही, अशी ओरड तिथे गेली वीस वर्षं तरी चालू आहे.

पहिल्या चाचणीत भाचीने सातव्या हेन्रीवर चार पानं लिहिली. बोसवर्थची लढाई, यॉर्कच्या एलिझाबेथशी लग्न, लॅम्बर्ट सिम्नेल, पर्किन वॉरबेक, सरदारांकडून लिहून घेतलेली दंडाची खतं. सगळं बरोबर, सनावळीसकट. पंचवीसपैकी दहा. शिक्षिकेने खाली एवढंच लिहिलं होतं, त्याचा मराठीत अर्थ असा: हे सगळं घडलं. मग?

मेहुण्यांना वाटलं, शिक्षिका खडूस आहे. बहिणीला वाटलं, इंग्रजी कमी पडलं. हा तर विनोदच, कारण पोरगी तिथेच जन्मलेली. मी ती चार पानं मागवून वाचली आणि मनात म्हटलं, आमच्या बोर्डात हिला पैकीच्या पैकी दिले असते. प्रश्न होता, हेन्रीची गादी १४९९ पर्यंत पक्की झाली होती हे विधान कितपत पटतं. तिने गादीची हकीकत सांगितली. पटतं की नाही, किती पटतं, कुठल्या पुराव्याने, याचा एका ओळीतही पत्ता नव्हता.

ते जमायला नाताळ उजाडला. ट्यूडरच्या पेपरात तीन इतिहासकारांचे उतारे समोर ठेवून प्रत्येकाचा युक्तिवाद किती पटण्यासारखा आहे ते विचारतात. जर्मनीच्या पेपरात त्या काळातली तीन साधनं देतात आणि अभ्यासकाला ती किती मोलाची ते विचारतात. मुलांची पहिली चूक तिनेही केली: हे भाषण नाझींचा प्रचारमंत्री गोबेल्सचं, म्हणजे खोटं, म्हणजे निरुपयोगी. शिक्षिका म्हणे, खोटं असेल तर कोणाला पटावं म्हणून रचलं, ते सांग. मला हे वाक्य फार आवडलं. उशिरा आवडलं, इतकंच.

जानेवारीत १५३६ चं उत्तर इंग्लंडमधलं बंड आलं. आठव्या हेन्रीने मठ मोडायला घेतले तेव्हा हजारो लोक यात्रेकरूंसारखे झेंडे घेऊन उठले. रॉबर्ट आस्क त्यांचा पुढारी. पुढच्या वर्षी यॉर्कला त्याला फाशी दिलं. हे बंड धर्मासाठी होतं की कर, भाडं आणि पोटापाण्यासाठी, यावर तिथल्या इतिहासकारांचं एकमत नाही. त्या रात्री भाचीचा फोन आला. "मावशी, सरकार लोकांच्या देवघरात शिरलं म्हणून लोक चिडले, असं आपल्याकडे पण झालंय ना? पणजीची ती गोष्ट?"

पणजीची गोष्ट

आमच्या घरात ती चार पिढ्या सांगितली जाते. १८९७ साली पुण्यात प्लेग असताना रँड या गोऱ्या अधिकाऱ्याच्या हुकमाने गोरे शिपाई कसब्यातल्या आमच्या वाड्यात घरझडतीला शिरले, बुटांसकट देवघरात गेले. माझी पणजी तेव्हा आठ-नऊ वर्षांची. तिला धान्याच्या कणगीमागे लपवलं. गोष्टीचा शेवट ठरलेला: "मग चापेकरांनी रँडचा वध केला." माझी आई हे वाक्य आरती संपल्यासारखं म्हणायची.

संशोधन-निबंधासाठी भाचीने हाच विषय धरला. शिकवलेल्या दोन भागांपैकी कशाचीही पुनरुक्ती नको, असा नियम असतो. ट्यूडर आणि जर्मनी शिकवल्यामुळे हिंदुस्थान मोकळा होता. तिचा पहिला प्रश्न होता: रँडचा खून समर्थनीय होता का? शिक्षिकेने तो परत केला. हा नीतीचा प्रश्न झाला, आणि इतका अरुंद की त्यात इतिहास मावणार नाही; निबंधाला सुमारे शंभर वर्षांचा संदर्भ असावा लागतो.

दुसरा प्रश्न: प्लेगच्या बंदोबस्तामुळे महाराष्ट्रात क्रांतिकारी चळवळ सुरू झाली का? हाही परत. उत्तर आधी ठरवून प्रश्न लिहिलास, असा शेरा.

तिसऱ्याला तीन आठवडे लागले. एकोणिसाव्या शतकात पश्चिम हिंदुस्थानात इंग्रजी राजवटीला झालेल्या विरोधाचं मुख्य कारण लोकांच्या घरगुती आणि धार्मिक आयुष्यातला सरकारी हस्तक्षेप हे होतं, हे म्हणणं १८१८ ते १९१८ या काळापुरतं कितपत ग्राह्य आहे? हा मंजूर झाला. आता पेशवाई बुडाल्यापासूनचा सगळा पट समोर आला. १८३२ साली फाशी गेलेले उमाजी नाईक. १८७५ साली सुप्यातून पेटलेले दख्खनचे दंगे, ज्यात शेतकऱ्यांनी सावकारांची खतं आणि दस्तऐवज जाळले. १८७९ चं वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड. मुलींचं संमतिवय दहावरून बारावर नेणारा १८९१ चा कायदा. मग प्लेग. यात देवघर किती ठिकाणी येतं आणि शेतसारा किती ठिकाणी? तिने एक तक्ता करून मला पाठवला. देवघराचा रकाना तिला वाटला होता त्याच्या निम्म्यानेही भरला नव्हता.

पणजीची गोष्ट तिला साधन म्हणून वापरायची होती. शिक्षिकेने ती आनंदाने ऐकली आणि विचारलं, ही तुला कोणी सांगितली? आईने. आईला? तिच्या आईने. म्हणजे १८९७ च्या घटनेचं हे २०२३ मधलं रूप आहे. एका कुटुंबाने काय जपून ठेवलं, याचा हा उत्तम पुरावा. वाड्यात त्या दिवशी काय झालं, याचा कमकुवत. बहिणीला हे अपमानास्पद वाटलं. "म्हणजे माझी आई खोटं बोलत होती?" त्या आठवड्यात मायलेकी एकमेकींशी जेवढ्यास तेवढं बोलत होत्या.

तीन साधनं

किमान तीन समकालीन साधनं तपासायची असतात, सगळी एकाच प्रकारची नकोत. शिवाय दोन इतिहासकारांच्या मतांची चिकित्सा. शब्दमर्यादा साडेतीन ते साडेचार हजार, गुण चाळीस.

तिने पहिल्यांदा निवडलेली तिन्ही साधनं १८९७ ची होती. एक, खुद्द वॉल्टर चार्ल्स रँडने पुण्याच्या प्लेग कमिटीचा अध्यक्ष म्हणून लिहिलेला अहवालाचा मसुदा. २२ जून १८९७ च्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ आटोपून परतताना गणेशखिंड रस्त्यावर त्याच्यावर गोळ्या झाडल्या. तो ३ जुलैला गेला. बरोबरचा लेफ्टनंट आयर्स्ट जागीच मेला होता. अहवालात रँड समाधानाने नोंदवतो की बायकांच्या अब्रूला जाणूनबुजून धक्का लावल्याची एकही विश्वसनीय तक्रार आली नाही. 'विश्वसनीय' या शब्दाभोवती भाचीने पेन्सिलीने गोल केला होता. कोणाला विश्वसनीय? तक्रार घेणारे कोण? पुण्यातली बाई तक्रार करायला कुठे जाणार होती?

दोन, पंडिता रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन'मध्ये छापलेलं पत्र. प्लेगच्या सरकारी इस्पितळात बायकांचे काय हाल होतात, ते त्यात आहे. रमाबाई ख्रिस्ती झालेल्या, पुण्याच्या सनातन्यांशी त्यांचं उभं वैर. त्यांना टिळकांची बाजू घ्यायचं काही कारण नव्हतं, म्हणून पत्राला वजन. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला इंग्लंडमध्ये होते. त्यांनी 'मँचेस्टर गार्डियन'ला शिपायांच्या अत्याचारांबद्दल सांगितलं, त्यावरून पार्लमेंटात प्रश्न विचारले गेले, आणि परत आल्यावर पुरावा उभा करता येईना म्हणून त्यांना जाहीर माफी मागावी लागली. भाचीने पार्लमेंटातली प्रश्नोत्तरं घरी बसून वाचली. जुनं हॅन्सार्ड, म्हणजे पार्लमेंटाच्या कामकाजाचा छापील वृत्तांत, इंटरनेटवर फुकट आहे.

तीन, ६ जुलै १८९७ च्या 'केसरी'तला अग्रलेख: 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?'

शिक्षिका म्हणाली, शंभर वर्षांचा प्रश्न आणि तिन्ही साधनं एका वर्षातली, हे बरोबर नाही. तेव्हा रमाबाईंचं पत्र गेलं आणि दख्खनच्या दंग्यांच्या चौकशी समितीचा १८७६ चा अहवाल आला. निबंधात पत्राचा उल्लेख राहिला, पण सविस्तर चिकित्सा नाही. मला वाईट वाटलं, अजून वाटतं. तीन पुरुषांच्या लिखाणात बायकांच्या अब्रूवर चर्चा करून निबंध संपला.

तिला खरा धक्का मात्र या तिन्हींबाहेरून बसला. दामोदर चापेकरांनी तुरुंगात लिहिलेलं आत्मकथन आहे. त्याचा सरकारने करवलेला इंग्रजी तर्जुमा स्वातंत्र्य चळवळीच्या साधनांच्या खंडात मुंबई सरकारने छापला. ते वाचून तिने रात्री साडेअकराला, म्हणजे आमच्या पहाटे, फोन केला. दामोदरपंतांना लष्करात जायचं होतं, ते जमलं नाही. मुंबईत राणीच्या पुतळ्याला त्यांनी डांबर फासलं ते १८९६ साली, पुण्याची प्लेग कमिटी जन्माला यायच्या आधी. सुधारकांवरही त्यांचा तितकाच राग. "मावशी, रँड आलाच नसता तरी त्यांनी काहीतरी केलंच असतं!"

मी म्हटलं, हे तू सिद्ध करू शकशील का? थोडा वेळ शांतता. "नाही. पण गोष्ट एवढी सरळ नाही, हे तर सिद्ध होतं." मी उठून चहा टाकला.

आणखी एक गाठ होती. टिळक प्लेगच्या उपायांच्या सरसकट विरोधात नव्हते. हिंदूंसाठी वेगळं प्लेग हॉस्पिटल त्यांनी उभं केलं होतं. त्यांचा राग अंमलबजावणीच्या रीतीवर होता. इतिहासकारांपैकी तिने डेव्हिड अर्नोल्ड आणि राजनारायण चंदावरकर घेतले. अर्नोल्डच्या मांडणीत वसाहती सरकार लोकांच्या शरीरावर हक्क सांगू लागलं, आणि प्रतिकार त्या आक्रमणाला होता. चंदावरकर म्हणतात, घाबरलेलं आधी सरकार होतं. लोकांचा प्रतिसाद एकसारखा नव्हता, आणि धर्म-संस्कृती एवढ्यावर त्याचा उलगडा होत नाही. कणगीमागची पणजी पहिल्या मांडणीत छान बसते. रोजगार बुडतो म्हणून मुंबई सोडणारा मजूर बसत नाही.

भाषांतर कोणाचं?

अग्रलेखाची गाठ सोडवताना माझी मदत लागली. भाचीचं मराठी घरातलं: जेवण, रुसवे, गणपती. 'केसरी'चं १८९७ चं मराठी तिला जड गेलं. मी भाषांतर करून देते म्हटलं. तिने शिक्षिकेला विचारलं, आणि उत्तर आलं की निबंधासोबतच्या घोषणापत्रावर विद्यार्थ्याला सही करावी लागते आणि बाहेरची मदत तिथे सांगावी लागते. तेव्हा मावशीने शब्द समजावून द्यावेत, भाषांतर मुलीने करावं.

म्हणून आम्ही चार रविवार ओळ-ओळ वाचलं. शीर्षकालाच अडलो. 'डोके ठिकाणावर आहे काय' हे इंग्रजीत कसं न्यायचं? सरकार वेडं झालंय, असं केलं तर शिवी होते. सरकारचा तोल गेलाय, असं केलं तर सौम्य होतं. मराठीत त्यात एक घरगुती दटावणी आहे. आई मुलाला म्हणते, शेजारी शेजाऱ्याला म्हणतो. बादशाही सत्तेला ती दटावणी करणं, यातच त्याची धार. पण तो सूर इंग्रजी शब्दात उतरेना.

तेव्हा मी तिला टिळकांच्या खटल्याची गोष्ट सांगितली. राजद्रोहाचा खटला या अग्रलेखावर नव्हता. तो १५ जूनच्या अंकावर होता, म्हणजे खुनाच्या आठवडाभर आधीच्या: शिवाजीच्या तोंडी घातलेली कविता, आणि शिवराज्याभिषेक उत्सवातल्या भाषणांचा वृत्तांत, ज्यात अफझलखानाला मारण्यात महाराजांना दोष लागतो का याची चर्चा होती. सगळा मजकूर मराठी. सहा युरोपियन आणि तीन हिंदी ज्यूरर. सहांनी दोषी म्हटलं, तिघांनी निर्दोष. जे दोषी म्हणाले त्यांच्यापुढे मुख्यतः तर्जुमा होता, आणि कोर्टात त्या तर्जुम्यावरूनच खडाजंगी झाली. न्यायमूर्ती स्ट्रेचींनी राजद्रोहाच्या कलमातल्या 'अप्रीती' या शब्दाचा प्रीतीचा अभाव, म्हणजे सरकारबद्दल प्रेम नसणं, असा अर्थ ज्यूरीला समजावला. शिक्षा अठरा महिने सक्तमजुरी.

भाची म्हणाली, "म्हणजे भाषांतर करणाऱ्याने ठरवलं." तसं अगदी नाही, मी म्हटलं, पण तू तुझ्या भाषांतराखाली टीप दे. तिने दिली: शीर्षकाचे दोन पर्याय, आणि कुठला निवडला तर टिळक किती कडक दिसतात ते. त्या तीन ओळींसाठी शिक्षिकेने समासात उभी रेघ मारून ठेवली होती.

मग ती मला म्हणाली, "तू नेहमी 'वध' म्हणतेस. आईपण. इथे सगळे 'खून' म्हणतात. आयर्स्टचं काय? त्याने कोणाचं काय केलं होतं? त्याचापण वधच का?"

मी म्हटलं, राक्षसाचा वध होतो. कंसाचा, अफझलखानाचा. बोलता बोलताच थांबले.

निकाल

ए-लेव्हलचा निकाल २०२४ साली १५ ऑगस्टला लागला. तारखेवरून घरात विनोद झाले. संशोधन-निबंधाला चाळीसपैकी चौतीस. जर्मनी चांगला गेला. ट्यूडरच्या उताऱ्यांत वेळ संपला आणि शेवटचा निबंध दीड पानातच आटोपला. एकूण बी. गणितात आणि अर्थशास्त्रात ए. पहिल्या पसंतीच्या विद्यापीठाला तिन्हींत ए हवे होते. दुसऱ्या पसंतीचं मिळालं, अर्थशास्त्र आणि आर्थिक इतिहास असा जोड अभ्यासक्रम. भौतिकशास्त्र घेतलं असतं तर ए आला असता का, हा प्रश्न मेहुण्यांनी एकदाच विचारला. लेकीने उलट विचारलं, "पुरावा काय?" तेव्हापासून विचारलेला नाही.

माझं मत विचाराल तर, ज्याला गुणांची खात्री हवी त्याने हा विषय घेऊ नये. वाचन खूप, लिहिणं त्याहून जास्त, आणि पाठांतराच्या जोरावर एका पातळीच्या वर जाता येत नाही. घरी मराठी बोलणाऱ्या मुलांजवळ मात्र संशोधन-निबंधासाठी एक किल्ली आहे, जी वर्गातल्या बाकीच्यांजवळ नसते. ती वापरायची तर मूल चुलीपुढच्या गोष्टीला प्रश्न विचारणार, याची आईवडिलांनी तयारी ठेवावी. बहिणीला सहा महिने लागले.

निबंधाची प्रत तिने मला पाठवली. घोषणापत्राच्या रकान्यात लिहिलं आहे: आईची बहीण, जुने मराठी शब्द समजावण्यापुरती मदत, भाषांतर आणि मतं माझी.

गेल्या महिन्यात माळ्यावरून माझ्या बारावीच्या टिपणांच्या वह्या काढल्या. १९९४ ची एक सापडली. माझ्याच वळणदार अक्षरात, लाल शाईने अधोरेखित: 'रँडचा वध : कारणे (चार मुद्दे).' पहिला मुद्दा देवघरात बूट. आयर्स्टचं नाव कुठेच नाही. दर वर्षी साठ-सत्तर मुलांनी ते उतरवून घेतलं असेल. पानाचा फोटो काढून भाचीला पाठवला. तिचं उत्तर आलं: "साधन क्रमांक चार. लिहिणारी कोण, कोणासाठी, केव्हा?"

मी अजून उत्तर लिहिते आहे.